वावर आणि वाटाघाट : प्रस्तावना

शांतता, मानवी हक्क आणि राष्ट्राराष्ट्रांमधील सहकार्य या विषयांवर सर्वोच्च पातळीवर ज्या चर्चा होतात, त्यांच्याविषयीचे मराठी लेखन बहुतांशी राजधान्यांच्या बाजूने झाले आहे. कोणत्या पंतप्रधानांनी कोणत्या परिषदेत कोणती भूमिका मांडली, कोणत्या ठरावाला किती मते पडली, कोणत्या मुत्सद्द्याने कोणता पेच सोडवला, असे त्याचे स्वरूप असते. प्रस्तुत ग्रंथ हाच विषय दुसऱ्या टोकाकडून पाहतो. यवतमाळ जिल्ह्यातील केळापूर तालुक्याचे मुख्यालय असलेले पांढरकवडा हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे, तेलंगणाच्या सीमेलगतचे आणि कापसावर जगणारे गाव या ग्रंथाच्या केंद्रस्थानी आहे. या गावाच्या शिवारापर्यंत जागतिक वाटाघाटींतले काय पोहोचले, काय पोहोचायला हवे असून वाटेतच अडले आणि इथले काय उलट दिशेने स्वित्झर्लंडपर्यंत गेले, याचा मागोवा घेणारे लेख येथे एकत्र केले आहेत. राजधानीतून वाटाघाटींचा हेतू दिसतो, परिणाम मात्र वावरात उभे राहूनच दिसतो, ही या संग्रहामागची धारणा आहे.

हा भूप्रदेश वाटाघाटींना नवा नाही, कारण तो स्वतःच दीर्घकाळ वाटाघाटींचा विषय होता. केळापूर तालुका जुन्या वणी जिल्ह्याचा, म्हणजे वऱ्हाडचा भाग. निजामाने आपल्या खर्चाने पोसायच्या, पण ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची थकबाकी वाढत गेली, तेव्हा १८५३ च्या तहाने वऱ्हाड ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराखाली आले. सार्वभौमत्व निजामाचे आणि कारभार इंग्रजांचा अशी ही विचित्र व्यवस्था होती. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी प्रांत परत मिळावा म्हणून वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि त्यासाठी १८७६ मध्ये इंग्लंडही गाठले, परंतु १९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात ठरले ते याच्या उलट : दरसाल २५ लाख रुपयांच्या मोबदल्यात वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे राहिले. पुढे १९३६ च्या करारात निजामाच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ ही पदवी मिळाली आणि सार्वभौमत्वाचा प्रश्न नावापुरता जिवंत राहिला. या संपूर्ण काळात वऱ्हाडच्या रयतेला एकदाही कोणी काही विचारले नाही. ज्यांच्याविषयी निर्णय होतो त्यांची जागा चर्चेच्या दालनाबाहेर असते, हा जो आक्षेप आजच्या जागतिक वाटाघाटींवर घेतला जातो, त्याचा पहिला धडा येथल्या इतिहासात असा आहे.

कापसाचेही तसेच. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडच्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला तोवर कधी न मिळालेला भाव मिळाला. लढाई थांबली आणि भाव कोसळले. दूरच्या देशातील शांतता येथल्या घरात मंदी घेऊन आली ही गोष्ट शांततेच्या कोणत्याही सैद्धान्तिक व्याख्येत बसत नाही, म्हणून ती येथे मुद्दाम नोंदवावीशी वाटते.

विसाव्या शतकात मात्र मराठी माणसे या चर्चांच्या दारापर्यंत आणि काही वेळा आतही पोहोचली. डिसेंबर १९१८ च्या दिल्ली काँग्रेसने पॅरिसच्या शांतता परिषदेसाठी निवडलेल्या प्रतिनिधींमध्ये लोकमान्य टिळक होते. त्यांना पॅरिसला जाऊ दिले गेले नाही, तेव्हा परिषदेचे अध्यक्ष क्लेमान्सो यांना पत्र पाठवून त्यांनी हिंदुस्थानच्या स्वयंनिर्णयाची मागणी मांडली. १९४४ मध्ये ब्रेटन वुड्स येथे युद्धोत्तर अर्थव्यवस्थेची घडी बसवली जात असताना भारतीय शिष्टमंडळात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते, आणि गरीब देशांच्या विकासाचा उल्लेख नव्या संस्थांच्या उद्दिष्टांत यावा असा त्या शिष्टमंडळाचा आग्रह होता.

या साऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण सर्वांत जास्त विचार करायला लावणारे आहे. नोव्हेंबर १९३० मध्ये सुरू झालेल्या पहिल्या गोलमेज परिषदेत त्यांनी अस्पृश्यांचा प्रश्न मांडला तो दयेचा विषय म्हणून नव्हे, राज्यघटनेने हमी द्यायच्या हक्कांचा विषय म्हणून. १९४६ मध्ये अमेरिकेतील कृष्णवर्णीय नेते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला. तिकडच्या कृष्णवर्णीयांचे निवेदन संयुक्त राष्ट्रांपुढे जाणार असल्याचे वाचून त्यांनी त्याच्या प्रती मागवल्या, कारण भारतातील अस्पृश्यांनीही तोच मार्ग धरावा असे त्यांच्या मनात होते. मानवी हक्कांचा जागतिक जाहीरनामा तेव्हा अजून दोन वर्षे दूर होता. सरकार आपले म्हणणे मांडत नसेल तर पीडित समूहाने स्वतःच जगापुढे जावे, या विचाराची एका मराठी नेत्याने केलेली ही फार आधीची आणि ठाम मांडणी आहे. २००१ मध्ये डर्बन येथे वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा जातीचा प्रश्न तिथे यावा असे दलित संघटना म्हणत होत्या आणि तो येऊ नये असे भारत सरकार म्हणत होते. प्रश्न देशांतर्गत कोणता आणि जागतिक कोणता, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हा वाद तेव्हाही मिटला नाही.

१९४५ नंतर उभ्या राहिलेल्या व्यवस्थेची एक ठेवण नवख्या वाचकाने सुरुवातीलाच समजून घ्यावी, कारण पुढचे बरेचसे गुंते त्यातून निर्माण झाले आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत शांतता, मानवी हक्क आणि आर्थिक सहकार्य ही उद्दिष्टे शेजारीशेजारी आहेत, पण त्यांची कामे वेगवेगळ्या दालनांत वाटली गेली. शांततेचा प्रश्न सुरक्षा परिषदेकडे गेला. हक्कांचा प्रश्न १० डिसेंबर १९४८ च्या जागतिक जाहीरनाम्यातून आणि १९६६ च्या दोन करारांतून (नागरी-राजकीय हक्कांचा एक, आर्थिक-सामाजिक-सांस्कृतिक हक्कांचा दुसरा, भारत दोन्हींत १९७९ मध्ये सामील झाला) मानवी हक्कांच्या स्वतंत्र यंत्रणेकडे गेला. व्यापारासाठी रोजगार आणि विकास यांची सांगड घालणारी जी संघटना १९४८ च्या हवाना सनदेने योजली होती ती जन्मालाच आली नाही, आणि तात्पुरती सोय म्हणून केलेला ‘गॅट’ हा जकातीविषयीचा करारच जवळजवळ अर्धशतक चालला; १ जानेवारी १९९५ रोजी त्याची जागा जागतिक व्यापार संघटनेने घेतली. परिणाम असा की, पांढरकवड्याच्या एकाच कास्तकाराच्या कापसाचा भाव एका दालनात, त्याच्या फवारणीचे औषध दुसऱ्या दालनात आणि त्याच्या जगण्याचा हक्क तिसऱ्या दालनात चर्चिला जातो. वावर एकच असते. त्याच्या फायली मात्र तीन होतात, आणि एका दालनात बसलेल्या प्रतिनिधीला दुसऱ्या दालनातले बोलणे क्वचितच ऐकू येते.

या क्षेत्राकडे पाहण्याच्या विचारपद्धतीही एकमेकींशी भांडत वाढल्या आहेत. वास्तववाद मानतो की राष्ट्रे सत्ता आणि सुरक्षितता यांसाठीच बोलतात, बाकीची भाषा वरवरची असते. उदारमतवादी संस्थावाद म्हणतो की नियम आणि संस्था असतील तर स्वार्थी राष्ट्रांनाही सहकार्य परवडते. राउल प्रेबिश यांच्या लेखनातून पुढे आलेल्या आणि १९६४ मध्ये स्थापन झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार व विकास परिषदेला वैचारिक बळ देणाऱ्या प्रवाहाने दाखवून दिले की कच्चा माल विकणाऱ्या देशांना व्यापाराच्या अटीच प्रतिकूल असतात. कापूस विकून कापड विकत घेणाऱ्या वऱ्हाडी वाचकाला हा सिद्धान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. रॉबर्ट पुटनम यांनी १९८८ मध्ये मांडलेले ‘दोन पातळ्यांच्या खेळा’चे प्रारूप या संग्रहाला विशेष उपयोगी पडले आहे. वाटाघाट करणारा प्रतिनिधी समोरच्या देशाशी बोलत असतानाच आपल्या देशातील गटांशीही सौदा करत असतो, हे त्याचे सार. त्यात एकच भर घालायला हवी, ती अशी की देशातील ज्या गटाकडे संघटित आवाज नाही तो दुसऱ्या पातळीवरही हिशेबात धरला जात नाही.

कापसाच्या वाटाघाटी हे या सर्व सिद्धान्तांचे खरे परीक्षास्थळ. जागतिक व्यापार संघटनेच्या शेतीविषयक करारात सरकारी मदतीची वर्गवारी पेट्यांच्या नावाने केली आहे : व्यापारात ढवळाढवळ न करणारी किंवा अगदी नगण्य करणारी मदत हिरव्या पेटीत, उत्पादन मर्यादित ठेवण्याच्या अटीवरची निळ्या पेटीत आणि भाव वा उत्पादन यांच्याशी थेट जोडलेली पिवळसर पेटीत, जिच्यावर मर्यादा आहे. अमेरिका आपल्या कापूस उत्पादकांना अब्जावधी डॉलरची मदत देत होती आणि त्यामुळे जगभर भाव पडत होते, या कारणावरून ब्राझीलने २००२ मध्ये तक्रार केली. २००५ मध्ये अपील मंडळाने ब्राझीलची बाजू मुख्यतः मान्य केली. आणि २०१४ मध्ये प्रकरण मिटले ते अमेरिकेने ब्राझीलच्या कापूस संस्थेला ३० कोटी डॉलर देऊन. दरम्यान २००३ मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या चार आफ्रिकी देशांनी कापसाचा स्वतंत्र प्रश्न मांडला. कापसाबाबत महत्त्वाकांक्षी, जलद आणि स्वतंत्र निर्णय होईल असे आश्वासन २००४ मध्ये मिळाले, आणि २००५ च्या हाँगकाँग परिषदेत विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदान बंद करण्याचे मान्य केले. देशांतर्गत अनुदानाचा, म्हणजे खऱ्या दुखण्याचा, निर्णय अजूनही झालेला नाही. ब्राझीलला भरपाई मिळाली, कारण ब्राझीलजवळ खटला लढवण्याची ताकद होती. मालीच्या शेतकऱ्याला आश्वासन मिळाले आणि यवतमाळच्या शेतकऱ्याला तर या प्रकरणाची बातमीही नीटशी मिळाली नाही.

त्याच मापाने भारतही मोजला गेला, हे सांगायलाच हवे. नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने जिनिव्हात, जागतिक व्यापार संघटनेकडे, असे निवेदन दाखल केले की भारताचा कापसाचा हमीभाव मर्यादेच्या पलीकडे गेला आहे. विकसनशील देशाला पिकाच्या उत्पादनमूल्याच्या १० टक्क्यांपर्यंत अशी मदत देता येते, पण ती मोजताना आजचा हमीभाव १९८६ ते १९८८ या वर्षांच्या संदर्भभावाशी ताडून पाहायचा असतो, आणि हिशेब रुपयांत करायचा की डॉलरमध्ये, सगळे पीक धरायचे की प्रत्यक्ष खरेदी झालेलेच, यावर उत्तर पूर्ण पालटते. पांढरकवड्याच्या बाजार समितीच्या आवारात ग्रेडरने ओलावा जास्त म्हणून गाडी बाजूला काढायला लावली की हमीभाव कागदावरच राहतो. जिनिव्हातल्या त्या हिशेबात मात्र तो पूर्ण मिळाला असे धरले जाते.

या वादात महाराष्ट्राचे एक विशेष योगदान आहे. शेतकरी संघटनेचे शरद जोशी हे भारतात परतून शेती करण्याआधी स्वित्झर्लंडमधील बर्न येथे जागतिक टपाल संघात अधिकारी होते, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्था आतून कशा चालतात हे त्यांना ठाऊक होते. जागतिक व्यापार संघटनेचा पाया ठरलेल्या डंकेल मसुद्याला देशातील बहुतेक शेतकरी संघटना विरोध करत असताना त्यांनी त्याचे स्वागत केले, कारण त्यांच्या मते भारतीय शेतकऱ्याला अनुदान नव्हे तर उणे अनुदान मिळत होते, सरकारच त्याचा भाव पाडत होते, आणि खुल्या बाजाराने ही लूट थांबली असती. कर्नाटकातील नंजुंडस्वामींच्या रयत संघाने नेमकी उलट भूमिका घेतली. पुढच्या तीस वर्षांत दोघांचेही काही खरे ठरले आणि काही खोटे. संग्रहातील लेखकांचेही यावर एकमत नाही, आणि ते ओढूनताणून घडवण्याचा प्रयत्न केलेला नाही.

दुसरे मोठे प्रकरण विषबाधेचे. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती, अळीचा जोर होता, आणि पाठीवरच्या पंपाने वरच्या दिशेने फवारताना औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर, छातीवर येत होते. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. औषधाच्या डब्यावर विषारीपणा सांगणारा जो चौकोन असतो त्याच्या खालच्या भागाचा रंग लाल, पिवळा, निळा वा हिरवा यांपैकी एक असतो आणि लाल म्हणजे अतिविषारी, हे कायद्याने ठरलेले आहे; परंतु दोन-तीन औषधे एका टाकीत मिसळली की कोणता रंग उरतो हे तो चौकोन सांगत नाही, आणि रोजंदारीने फवारणी करणाऱ्या मजुराच्या हाती बहुतेकदा डबा येतच नाही, भरलेला पंपच येतो.

या विषयावरचा जागतिक करार आहे तो रॉटरडॅमचा. १९९८ मध्ये स्वीकारलेला, २००४ पासून लागू झालेला आणि २००५ मध्ये भारताने मान्य केलेला हा करार बंदी घालत नाही. धोकादायक रसायन पाठवण्यापूर्वी घेणाऱ्या देशाला माहिती देऊन त्याची संमती घ्यावी, एवढेच तो सांगतो. ती यादी वाढवायची तर सर्वसहमती लागते. सर्वसहमती म्हणजे एकाही देशाने उघड हरकत न घेणे, आणि याच अटीमुळे पांढरा अॅस्बेस्टॉस व पॅराक्वाट यांची नोंद वर्षानुवर्षे अडून राहिली. पॅराक्वाटच्या बाबतीत कराराच्या तज्ज्ञ समितीने शिफारस करूनही ती मंजूर होऊ शकली नाही, ही या व्यवस्थेची दुखरी बाजू आहे.

तरीही यवतमाळहून एक वाट उलट दिशेने गेली. २०२० मध्ये विषबाधा झालेल्यांच्या संघटनेने, भारतातील व युरोपातील सहकारी संस्थांना सोबत घेऊन, एका स्विस-मूळ कंपनीविरुद्ध स्वित्झर्लंडच्या राष्ट्रीय संपर्क केंद्राकडे तक्रार नेली. विकसित देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या वर्तनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वे ठरवली आहेत, त्यांच्या भंगाची तक्रार अशा केंद्रापुढे करता येते; केंद्र मध्यस्थी करते, शिक्षा करू शकत नाही. मध्यस्थीतून तडजोड निघाली नाही. काही कुटुंबांनी बासेल येथे दिवाणी दावाही लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली. मात्र याच सुमारास, ऑक्टोबर २०२० मध्ये, स्विस सरकारने पाच कीटकनाशकांची निर्यात १ जानेवारी २०२१ पासून बंद करण्याचे ठरवले आणि त्या पाचांत यवतमाळच्या तक्रारीतील डायफेन्थियुरॉन होते. आंबेडकरांनी १९४६ मध्ये जो मार्ग मनाशी योजला होता त्याचीच ही साधी, गरिबांच्या हातची आवृत्ती आहे, असे म्हणणे वावगे ठरू नये.

शांततेच्या दालनाचा या गावाशी आलेला संबंध थोडक्यात सांगता येतो. १४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामा येथे दहशतवादी हल्ला झाला आणि दोनच दिवसांनी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी पांढरकवड्यात महिला बचत गटांच्या मेळाव्यात त्याविषयी देशाला उद्देशून कठोर शब्दांत भूमिका मांडली. त्याच घटनाक्रमात १ मे २०१९ रोजी, चीनने आपली हरकत मागे घेतल्यावर, संयुक्त राष्ट्रांच्या निर्बंध समितीने, हल्ल्याची जबाबदारी घेणाऱ्या संघटनेचा प्रमुख मसूद अझहर याचे नाव यादीत घातले. वन्यजीव आणि आदिवासी यांचे प्रश्न याहून गुंतागुंतीचे आहेत. २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे तेरा देशांनी वाघांची संख्या दुप्पट करण्याचा निर्धार केला. त्या निर्धाराला टिपेश्वर अभयारण्याच्या परिसरात यश आले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये राळेगाव भागात नरभक्षक ठरवलेली, अवनी नावाने ओळखली गेलेली वाघीण मारली गेली तेव्हा त्या यशाची किंमत कोण मोजतो हा प्रश्नही उघडा पडला. जंगलालगतच्या पोडांत, म्हणजे वस्त्यांत, राहणाऱ्या कोलामांना भारत सरकार विशेष असुरक्षित आदिवासी गट मानते. मूलनिवासींच्या हक्कांच्या २००७ च्या जाहीरनाम्याला भारताने पाठिंबा दिला, पण भारतातील सर्वच लोक मूलनिवासी आहेत ही आपली भूमिका कायम ठेवून. जाहीरनामा हा करारासारखा बंधनकारक नसतो, त्यामुळे अशा पाठिंब्याची अंमलबजावणी कोणाकडे मागायची हे अनुत्तरित राहते.

आज हा विषय निकडीचा झाला आहे, याची कारणे शोधायला दूर जावे लागत नाही. जागतिक व्यापार संघटनेचे अपील मंडळ डिसेंबर २०१९ पासून सदस्यांअभावी बंद पडले आहे, म्हणजे ब्राझीलने जो मार्ग वापरला तो आज कोणालाच पूर्णपणे खुला नाही. नियमांची जागा दोन देशांतील थेट दबावाने घेतली, तर त्याचा फटका कोठे बसतो हे ऑगस्ट २०२५ ने दाखवले : अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत आयातशुल्क लावले, आणि कापड उद्योगाला दिलासा म्हणून भारताने कापसावरील ११ टक्के आयातशुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत माफ केले. विदर्भात वेचणी सुरू होऊन नवा कापूस बाजारात यायचे दिवस नेमके तेच. गिरण्यांची अडचण खरी होती, पण तिचा भार ज्याच्यावर टाकला गेला त्याला या सौद्यात बोलावलेले नव्हते.

हा ग्रंथ जागतिक संस्थांचा परिचयकोश नाही आणि पांढरकवड्याचा स्थानिक इतिहासही नाही. करारांची कलमे आणि वावरातील व्यवहार एकाच पानावर आणून त्यांच्यामधील अंतर मोजणे, हे त्याचे काम आहे. म्हणून येथे मुत्सद्द्यांच्या टिपणांइतकेच महत्त्व बाजार समितीच्या पावत्यांना, रुग्णालयाच्या नोंदींना आणि ग्रामसभांच्या ठरावांना दिले आहे. शेतकऱ्यांच्या हक्कांचा जो जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १७ डिसेंबर २०१८ रोजी १२१ विरुद्ध ८ मतांनी स्वीकारला, त्यात बियाणे, जमीन आणि सुरक्षित काम यांविषयीचे हक्क एकत्र आले आहेत. दालनांमधल्या भिंती ओलांडण्याचा तो आजवरचा सर्वांत थेट प्रयत्न आहे आणि मराठीत तो फारच कमी वाचला गेला आहे, म्हणून त्याची विस्तृत चिकित्सा येथे केली आहे.

अखेरीस एक चालू वाटाघाट वाचकाने लक्षात ठेवावी. २०११ मध्ये मानवी हक्क परिषदेने उद्योग आणि मानवी हक्क यांविषयीची मार्गदर्शक तत्त्वे एकमताने स्वीकारली; राज्याने संरक्षण करावे, कंपनीने हक्कांचा आदर करावा आणि पीडिताला दाद मिळावी, हे त्यांचे तीन आधार. ती ऐच्छिक असल्यामुळे २०१४ मध्ये इक्वेडोर आणि दक्षिण आफ्रिका यांच्या पुढाकाराने बंधनकारक कराराचा मसुदा करणारा कार्यगट नेमला गेला, भारताने त्या ठरावाच्या बाजूने मत दिले, आणि त्याच्या बैठका जिनिव्हात अजून चालू आहेत. त्या मसुद्यातील वादाचा एक मोठा मुद्दा असा आहे की, कंपनीचे मुख्यालय एका देशात आणि नुकसान दुसऱ्या देशात झाले असेल तर मुख्यालयाच्या देशातील न्यायालयाने दावा ऐकलाच पाहिजे की नाही, पुरावा कोणी द्यायचा, आणि खटल्याचा खर्च कोणी सोसायचा. फवारणीत घरचा कर्ता माणूस गमावलेल्या यवतमाळच्या कुटुंबासाठी बासेलच्या दारात हेच प्रश्न कळीचे ठरतात.